ऑगस्ट बीर : कमरेखालची भूल देणारे सर्जन आणि नऊ दिवसांची डोकेदुखी

कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करायचा आणि रुग्ण जागा असतानाच शस्त्रक्रिया करायची, याचं आज आपल्याकडे कुणाला नवल वाटत नाही. सिझेरियन, हर्निया, मूळव्याध, भगंदर, प्रोस्टेट, गुडघा अशा कुठल्या ना कुठल्या कारणाने जवळपास प्रत्येक घरात कुणीतरी हे इंजेक्शन घेतलेलं असतं. गुदाशयातली, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या भागातली छोटी गाठ गुदद्वारातूनच काढायची असेल, तरी अनेकदा याच भुलीचा विचार होतो. रुग्ण वयस्कर असेल, दम्याचा किंवा हृदयविकाराचा त्रास असेल, पूर्ण भूल झेपेल की नाही अशी शंका असेल, तेव्हा तर भूलतज्ज्ञ आणि सर्जन दोघांनाही या पर्यायाचा मोठा आधार वाटतो.

तरीही या इंजेक्शनची धास्ती काही कमी झालेली नाही. सुई मणक्यात गेली की जन्मभराची कंबरदुखी मागे लागते, पाय लुळे पडतात, डोकं दुखत राहतं, अशा गोष्टी दवाखान्याच्या बाकांवर एकमेकांना सांगितल्या जातात. यातल्या कंबरदुखीच्या भीतीला फारसा आधार नाही. इंजेक्शनच्या जागी दोन-चार दिवस दुखू शकतं, पण वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचं कारण सहसा दुसरंच असतं. पाय कायमचे लुळे पडणं अत्यंत दुर्मिळ आहे. डोकेदुखी मात्र खरी आहे. ज्या पहिल्या काही माणसांनी ती सोसली, त्यांत ही भूल शोधून काढणारे जर्मन सर्जन ऑगस्ट बीर स्वतःही होते.

बीर यांनी एक मोठी वाट दाखवली, हे तर खरंच. पण त्या वाटेवर टोचलेले काटेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे लिहून ठेवले. आज आपल्याला मिळणारी कमरेखालची भूल इतकी सुरक्षित झाली, त्यात या दुसऱ्या गुणाचा वाटा पहिल्यापेक्षा कमी नाही.

क्लोरोफॉर्मचा काळ

बीर यांचा जन्म २४ नोव्हेंबर १८६१ रोजी जर्मनीतल्या वाल्डेक या छोट्या संस्थानातल्या हेल्झेन गावी झाला. बर्लिन, लाइपझिग आणि कील इथे त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतलं. कील हे बाल्टिक समुद्रावरचं बंदर. तिथल्या विद्यापीठात फ्रीडरिख फॉन एस्मार्ख हे त्या काळचे नामांकित सर्जन शिकवत होते. हात किंवा पाय रबरी पट्ट्याने घट्ट गुंडाळून त्यातलं रक्त वर सरकवायचं आणि मग रक्तस्रावाविना शस्त्रक्रिया करायची, ही एस्मार्ख यांची पद्धत. तो पट्टा आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. बीर त्यांचे सहायक झाले आणि त्यांची उमेदवारी तिथेच घडली.

त्या वेळी शस्त्रक्रियेचं शास्त्र झपाट्याने पुढे जात होतं. १८४६ मध्ये ईथर आणि १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म आलं होतं. जखमेत जंतू जाऊ न देण्याचं महत्त्वही पटलं होतं. त्यामुळे पूर्वी अशक्य वाटणाऱ्या शस्त्रक्रियांना सर्जन हात घालू लागले होते. पण भूल हाच एक धोका होता. क्लोरोफॉर्म देताना धडधाकट माणूससुद्धा टेबलावर दगावल्याच्या घटना घडत. याचं कारण हृदय की श्वास, यावर डॉक्टरांत जोरदार वाद चालले होते. हा प्रश्न किती गंभीर होता याची एक खूण आपल्या जवळच सापडते. मराठवाडा तेव्हा ज्या संस्थानात होता, त्या निजामाच्या हैदराबादेत याच प्रश्नासाठी १८८८ आणि १८८९ मध्ये क्लोरोफॉर्म कमिशन बसली होती.

गुदाशयाच्या कर्करोगाचा रुग्ण या कोंडीत पुरता सापडलेला असे. पॅरिसमध्ये जाक लिस्फ्राँ यांनी १८२६ मध्ये गुदद्वाराच्या बाजूने अशी गाठ काढून दाखवली, तेव्हा भूल नावाचा प्रकारच नव्हता. रुग्णाला धरून ठेवायचं आणि हात शक्य तितका वेगाने चालवायचा, एवढंच सर्जनच्या हाती होतं. भूल आल्यावर सावकाश काम करता येऊ लागलं. १८८५ मध्ये जर्मनीतच पाऊल क्रास्के यांनी माकडहाड आणि त्यालगतचा हाडाचा भाग काढून मागच्या बाजूने गुदाशयापर्यंत जाण्याचा मार्ग सांगितला. पण शस्त्रक्रिया जितकी मोठी, तितका वेळ क्लोरोफॉर्म द्यावं लागे. आणि हा रुग्ण बहुधा उतारवयातला, महिनोन् महिने रक्त जाऊन पांढराफटक पडलेला, वजन उतरलेला असा असे. रक्तगटांचा शोध अजून लागायचा होता, म्हणजे रक्त देण्याची सोय नव्हती. काम होतं शरीराच्या शेवटच्या वीतभर भागात, आणि त्यासाठी मेंदू, श्वास, हृदय या सगळ्यांनाच गुंगीत लोटावं लागत होतं. दुखणारी जागा तेवढीच बधिर करता आली तर, हा प्रश्न तेव्हाच्या अनेक सर्जनांना छळत होता.

कोकेन आणि कमरेतली सुई

उत्तराचे दोन धागे वेगवेगळ्या ठिकाणी तयार होते. पहिला व्हिएन्नात. तिथले तरुण डॉक्टर कार्ल कोलर यांनी १८८४ मध्ये कोकेनच्या द्रावाचे थेंब डोळ्यात टाकले की डोळा बधिर होतो, हे दाखवून दिलं. कोका या दक्षिण अमेरिकी झाडाच्या पानांतून मिळणारं कोकेन हे जागेपुरती भूल देणारं पहिलं औषध ठरलं. काही महिन्यांतच ते दातांपासून बोटांपर्यंत सगळीकडे टोचून पाहिलं जाऊ लागलं. पण मोठा भाग बधिर करायचा तर औषध जास्त लागे, आणि जास्त कोकेन म्हणजे विष. त्याने माणसं दगावत.

दुसरा धागा कीलमध्येच होता. तिथले वैद्यकाचे प्राध्यापक हाइनरिख क्विंके यांनी १८९१ मध्ये कमरेच्या दोन मणक्यांमधून पोकळ सुई घालून मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढण्याची पद्धत सांगितली. मेंदूभोवती पाण्याचा दाब वाढलेल्या रुग्णांसाठी ती होती. त्यासाठी चिरफाड करावी लागत नसे. कमरेत पुरेशा खाली सुई घातली तर तिथे मज्जारज्जू संपलेला असतो. पाण्यात फक्त नसांच्या दोऱ्या लोंबत असतात, त्या सुईपासून बाजूला सरकतात.

बीर यांनी हे दोन धागे जोडले. पाय, मांड्या, जननेंद्रियं, गुदद्वार या सगळ्या भागांतल्या संवेदना वर मेंदूकडे जाताना याच पाण्यातल्या नसांमधून जातात. त्यांचा इथे, एका अरुंद जागी जणू टोलनाकाच असतो. औषध त्वचेत जागोजागी टोचण्याऐवजी थेट या नाक्यावर सोडलं, तर अगदी थोडक्या मात्रेत शरीराचा मोठा भाग बधिर व्हायला हवा, असा त्यांचा तर्क होता. आज आपल्याला त्यामागची क्रियाही माहीत आहे. नसेतून संदेश पुढे सरकतो तो सोडियमचे कण तिच्या भिंतीतल्या सूक्ष्म दारांतून आत शिरल्यामुळे. जागेपुरती भूल देणारी औषधं ही दारं काही काळ अडवून धरतात. जखम होते, पण तिची बातमी मेंदूपर्यंत पोचत नाही. औषध विरलं की दारं पुन्हा उघडतात.

दोन ऑगस्ट आणि ऑगस्ट महिना

१६ ऑगस्ट १८९८ रोजी बीर यांनी ३४ वर्षांच्या एका मजुरावर हा प्रयोग केला. त्याच्या घोट्याच्या सांध्याला क्षय झाला होता आणि तो भाग काढायचा होता. आधीच्या पूर्ण भुलीचा त्याला वाईट अनुभव आला होता. बीर यांनी कमरेतल्या पाण्यात अर्धा टक्का कोकेनचं तीन मिलिलिटर द्रावण सोडलं, म्हणजे अवघं १५ मिलिग्रॅम औषध. वीस मिनिटांनी शस्त्रक्रिया सुरू झाली. आपल्या पायाला काहीतरी केलं जातंय हे त्या मजुराला कळत होतं, वेदना मात्र नव्हती. नंतर त्याला उलटी झाली आणि डोकंही दुखलं. एकूण सहा रुग्णांवर बीर यांनी अशी भूल देऊन पाहिली. भूल लागत होती, पण काहींना नंतर डोकेदुखी आणि उलट्यांचा त्रास होत होता.

हा त्रास औषधाचा, सुईचा की शस्त्रक्रियेचा, हे रुग्णांवरून ठरवणं कठीण होतं. म्हणून २४ ऑगस्टला बीर यांनी स्वतःच्या कमरेत सुई घालून घ्यायचं ठरवलं. सुई घालणारे होते त्यांचे सहायक. योगायोग असा की त्यांचंही नाव ऑगस्ट, ऑगस्ट हिल्डेब्रांट. सुई बरोबर बसली. पण सिरिंज सुईत नीट बसेना. ती जुळवण्याच्या खटपटीत बीर यांच्या मणक्यातलं बरंच पाणी वाहून गेलं आणि औषधही बाहेरच सांडलं. प्रयोग थांबवावा लागला.

मग हिल्डेब्रांट यांनी स्वतःला पुढे केलं. बीर यांनी त्यांना पाच मिलिग्रॅम कोकेन दिलं. या वेळी सगळं जमलं. काही मिनिटांतच पायांची वेदना गेली. मग बीर एकेक परीक्षा घेऊ लागले. सुई खोल टोचली, पेटती सिगार टेकवली, नडगीवर लोखंडी हातोडीचा जोरदार फटका मारला, जांघेतल्या केसांना आणि जननेंद्रियांनाही ओढून पाहिलं. हिल्डेब्रांट यांना स्पर्श आणि दाब कळत होता, कळ मात्र येत नव्हती. सुमारे पाऊण तासाने संवेदना परतल्या. दोघांनी मग जेवण, वाइन आणि सिगारसोबत यश साजरं केलं.

आज कुठलीही नीतिसमिती अशा प्रयोगाला परवानगी देणार नाही. पण या प्रयोगाने दाखवून दिलेली गोष्ट फार मोलाची होती. माणूस पूर्ण शुद्धीवर आहे, गप्पा मारतो आहे, श्वास आणि नाडी चालू आहे, आणि कमरेखाली पेटत्या सिगारचीही वेदना नाही.

नऊ दिवस

बीर त्या रात्री ठीक होते. दुसऱ्या दिवशी डोकं दुखू लागलं. उठून बसलं, चाललं की डोक्यात दाब वाटायचा आणि चक्कर यायची. आडवं झालं की बरं वाटायचं. त्यांनी अंथरूण धरलं आणि हा त्रास जायला नऊ दिवस लागले. हिल्डेब्रांट यांचीही अवस्था चांगली नव्हती. उलट्या, डोकेदुखी, शिवाय बधिर असताना खाल्लेल्या हातोडीच्या फटक्यांनी काळ्यानिळ्या पडलेल्या नडग्या.

इथे बीर यांच्यातला शास्त्रज्ञ दिसतो. त्यांच्या स्वतःच्या शरीरात कोकेन जवळपास गेलंच नव्हतं. तरी डोकं दुखलं. मग दोष एकट्या औषधाला कसा देता येईल? मणक्यातलं पाणी वाहून जाण्याशी याचा संबंध असावा, असा त्यांनी अंदाज बांधला, आणि तो बरोबर निघाला. सुईने पडलेल्या भोकातून पाणी झिरपत राहतं, मेंदूला आधार देणारा पाण्याचा दाब कमी होतो, आणि माणूस उभा राहिला की डोकं दुखू लागतं. आजही या डोकेदुखीची ओळख पटवताना डॉक्टर हाच प्रश्न विचारतात : बसल्यावर वाढते का, आडवं झाल्यावर कमी होते का?

१८९९ मध्ये बीर यांनी हे सगळं प्रसिद्ध केलं. सहा यशस्वी भुली सांगून ते थांबले असते तरी नाव झालंच असतं. पण रुग्णांचा त्रास, स्वतःचे नऊ दिवस, सहायकाच्या उलट्या, सगळं त्यांनी लेखात घातलं. आपली पद्धत सर्रास वापरावी असा आग्रह धरण्याऐवजी अधिक सुरक्षित औषध मिळेपर्यंत सावध राहण्याकडे त्यांचा कल होता. पॅरिसमध्ये थिओडोर ट्युफिए यांच्यासारखे सर्जन मात्र तेवढ्यात मोठ्या उत्साहाने ही भूल वापरू लागले आणि ती जगभर पोचली.

या यशाला एक कडवट किनारही आहे. पुढे बीर आणि हिल्डेब्रांट यांच्यात वितुष्ट आलं. न्यूयॉर्कच्या लेनर्ड कॉर्निंग यांनी १८८५ मध्येच एका कुत्र्याच्या आणि एका माणसाच्या मणक्यांच्या मधे कोकेन टोचून पाहिलं होतं. शोधाचा मान त्यांचाच, अशी बाजू हिल्डेब्रांट यांनी घेतली. कॉर्निंग यांचं औषध पाण्यापर्यंत पोचलं होतं का, याबद्दल आजही शंका घेतली जाते. पण ज्याने आपल्या नडग्या पुढे केल्या त्या सहायकाचं नाव त्या लेखाचा सहलेखक म्हणून आलं नाही, हेही खरं आहे.

औषध बदललं, सुई बदलली

अडचणी नेमक्या काय आहेत हे लिहिलेलं असल्यामुळे पुढच्यांना कामाची दिशा मिळाली. कोकेनला पर्याय शोधणं हे पहिलं काम. १९०४ मध्ये फ्रान्समध्ये एर्नेस्त फुर्नो यांनी स्टोव्हेन तयार केलं. जर्मनीत आल्फ्रेड आइनहॉर्न यांचं प्रोकेन, म्हणजेच नोव्होकेन, १९०५ पासून वापरात आलं. पुढे स्वीडनमध्ये १९४३ मध्ये लिडोकेन तयार झालं. आपल्याकडे झायलोकेन म्हणून सगळ्यांना माहीत असलेलं औषध ते हेच. आज कमरेच्या भुलीसाठी बहुतेक ठिकाणी वापरतात ते ब्युपिव्हाकेन त्यानंतरचं.

दुसरं काम, औषध हवं तिथेच थांबवणं. लंडनचे आर्थर बार्कर यांनी १९०७ मध्ये औषधात ग्लुकोज मिसळून ते मणक्यातल्या पाण्यापेक्षा जड केलं. जड औषध खाली बसतं. त्यामुळे रुग्णाला कसं बसवलं किंवा झोपवलं, यावर भूल कुठे लागेल हे ठरवता येऊ लागलं. गुदद्वाराच्या शस्त्रक्रियांसाठी याचा मोठा फायदा झाला. रुग्णाला बसवून इंजेक्शन द्यायचं आणि काही मिनिटं तसंच बसू द्यायचं. औषध अगदी तळाच्या नसांवर उतरतं. घोड्यावर बसल्यावर शरीराचा जेवढा भाग खोगिराला टेकतो, साधारण तेवढाच भाग बधिर होतो. इंग्रजीतून आलेलं त्याचं सॅडल ब्लॉक हे नाव त्यावरूनच पडलं. अशा भुलीत रक्तदाब फारसा उतरत नाही आणि पायांत बरीचशी ताकद राहते. अशक्त रुग्णासाठी हे फार महत्त्वाचं असतं.

तिसरं काम सुईचं. ज्या जाड सुईने बीर यांना नऊ दिवस झोपवलं, तिच्या जागी केसासारख्या बारीक सुया आल्या. पेन्सिलीसारख्या टोकाच्या सुया तर आवरण कापण्याऐवजी त्याचे धागे बाजूला सारतात, त्यामुळे भोक लवकर बुजतं. डोकेदुखी त्यामुळे खूपच कमी झाली. झालीच तर विश्रांती, पाणी, वेदनाशामक गोळ्या आणि गरज पडल्यास रुग्णाचंच थोडं रक्त त्या जागी सोडून भोक बुजवण्याचा उपाय आहे.

बर्लिन, युद्ध आणि जंगल

बीर यांचं आयुष्य या एका शोधापाशी थांबलं नाही. १८९९ मध्ये ते ग्राइफ्सवाल्डला, १९०३ मध्ये बॉनला आणि १९०७ मध्ये बर्लिनला प्राध्यापक झाले. १९०८ मध्ये त्यांनी आणखी एक पद्धत सांगितली. गुरू एस्मार्ख यांच्या पट्ट्याने हात रक्तरहित करायचा, वर आवळपट्टी बांधायची आणि शिरेतून प्रोकेन सोडायचं. पट्टी असेपर्यंत सगळा हात बधिर. मनगटाच्या छोट्या शस्त्रक्रियांसाठी बीर ब्लॉक या नावाने ती आजही वापरली जाते.

त्याच १९०८ साली लंडनमध्ये अर्नेस्ट माइल्स यांनी पोटातून आणि खालून अशा दोन्ही बाजूंनी गुदाशयाचा कर्करोग मुळासकट काढण्याची शस्त्रक्रिया मांडली. नुसतं खालून गाठ काढलेल्या त्यांच्या ५७ रुग्णांपैकी ५४ जणांना कर्करोग पुन्हा झाला होता. भूल कितीही सोयीची असली तरी शस्त्रक्रिया किती मोठी करायची हे आजार ठरवतो, हा धडा यातून मिळाला. तो आजही लागू आहे.

पहिल्या महायुद्धात बम आणि तोफगोळ्यांच्या बारीक तुकड्यांनी झालेल्या डोक्याच्या जखमा बीर यांनी पाहिल्या. चामड्याच्या शिरस्त्राणाऐवजी पोलादी हवं, हा त्यांचा आग्रह होता. इंजिनिअर फ्रीडरिख श्वेर्ड यांनी घडवलेलं जर्मन पोलादी हेल्मेट १९१६ मध्ये सैन्यात आलं. १९२५ मध्ये जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष फ्रीडरिख एबर्ट यांची अपेंडिक्सची शस्त्रक्रिया बीर यांनीच केली, पण एबर्ट वाचले नाहीत. त्याच वर्षी होमिओपॅथीकडे मोकळ्या मनाने पाहावं असा लेख लिहून त्यांनी सहकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. व्यायामाचे ते कट्टर पुरस्कर्ते होते. १९३७ मध्ये हिटलरच्या राजवटीने दिलेला राष्ट्रीय पुरस्कार त्यांनी स्वीकारला, हीही त्यांच्या चरित्रातली नोंद आहे.

त्यांचा सगळ्यांत मोठा छंद जंगलाचा. १९१२ मध्ये त्यांनी बर्लिनजवळ साउएन इथे जमीन घेतली. रेताड जमीन आणि त्यावर नुसती पाइनची झाडं. तिथे त्यांनी पानझडी झाडं आणि झुडपं लावून मिश्र जंगल उभं केलं. १९३२ मध्ये निवृत्त झाल्यावर ते त्यातच रमले. १२ मार्च १९४९ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, साउएनलाच त्यांचं निधन झालं.

न दुखणारी गाठ

बीर यांनी आयुष्यभर वेदना थांबवण्याचा मार्ग शोधला. गुदाशयाच्या गाठीच्या बाबतीत मात्र अडचण उलटी आहे. ती सुरुवातीला दुखतच नाही. गुदद्वाराच्या आत साधारण दोन सेंटिमीटरवर एक नागमोडी रेषा असते. तिच्या खालचा भाग त्वचेसारखाच संवेदनशील असतो. तिथली जखम, चीर, मूळव्याधीची गाठ असह्य दुखते. रेषेच्या वरच्या आवरणाला ताण कळतो, पण कापल्याची, टोचल्याची कळ जाणवत नाही. म्हणूनच वरच्या गाठीचा छोटा तुकडा तपासणीसाठी भुलीशिवायही घेता येतो, आणि म्हणूनच ती गाठ गुपचूप वाढत राहते. रक्त दिसतं, पण दुखत नाही, मग मूळव्याधच असेल असं समजून माणूस मलम आणि चूर्णावर महिने काढतो. संकोचाने घरातही सांगत नाही.

गाठ छोटी, वरवरची आणि लवकर सापडलेली असेल तर आता पोट न उघडता गुदद्वारातूनच ती काढता येते. जर्मनीचेच गेरहार्ड ब्यूस यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला चार सेंटिमीटर रुंदीची नळी, वायू भरून फुगवलेला गुदाशय आणि बारकावे मोठे करून दाखवणारी दुर्बीण वापरून ही पद्धत घडवली. निवडक रुग्णांत ती कमरेखालच्या भुलीतही करता येते. अगदी खालच्या छोट्या गाठी तर सॅडल ब्लॉकमध्ये सहज निघतात. काढलेली गाठ तपासून ती खोल गेली आहे असं दिसलं, तर मात्र पुढची मोठी शस्त्रक्रिया किंवा अन्य उपचार लागतात.

गाठ मोठी असेल, दुर्बिणीने पोटातून शस्त्रक्रिया करायची असेल, तर पूर्ण भूल लागतेच. तिथे कमरेतलं इंजेक्शन किंवा पाठीत बसवलेली बारीक नळी जोडीला येते, ती नंतरच्या वेदना कमी करण्यासाठी. आणि आजार फार पुढे गेला असेल, बरा होण्यासारखा नसेल, तरी ओटीपोटातल्या ठरावीक नसा बधिर करून रुग्णाचे दिवस सुसह्य करता येतात. वेदनाशमन तज्ज्ञ हे काम करतात, आणि त्यांच्याकडे वेळेवर जायला हवं.

रुग्णाने काय लक्षात ठेवावं

शौचावाटे रक्त जाणं, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकणारा बदल, पोट साफ न झाल्याची सततची भावना, कारण नसताना वजन उतरणं किंवा रक्त कमी होणं, यापैकी काहीही असेल तर मूळव्याध गृहीत धरू नका. डॉक्टरांनी बोटाने केलेली तपासणी एक-दोन मिनिटांची असते आणि खालच्या बऱ्याच गाठी तिथेच हाताला लागतात. त्यासाठी बधिर करणारी जेलीही वापरता येते. गरज असेल तर दुर्बिणीची तपासणी पुढे होते.

कमरेत भूल द्यायचं ठरलं तर भूलतज्ज्ञांना काही गोष्टी आठवणीने सांगा : रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, आधी मणक्याची शस्त्रक्रिया झाली आहे का, हृदयाच्या झडपेचा त्रास आहे का, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का, कमरेवर फोड किंवा जखम आहे का. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, कधी थांबवायच्या ते डॉक्टरच ठरवतील. भुलीनंतर काही तास पाय जड राहतील, लघवीला त्रास होऊ शकतो, हे आधीच विचारून घ्या.

आणि नंतर डोकं दुखलं तर अंगावर काढू नका. बसल्यावर वाढते आणि झोपल्यावर उतरते, एवढं नेमकं सांगितलंत तरी डॉक्टरांचं निम्मं काम होतं. पाय जास्त वेळ बधिर राहिले, ताप आला किंवा कंबर असह्य दुखू लागली तर लगेच रुग्णालय गाठा. स्वतःच्या त्रासाची नोंद लपवून न ठेवता सांगणं, हे बीर यांनी १८९९ मध्ये केलं आणि त्यातून पुढच्या लाखो रुग्णांची भूल सुसह्य झाली. रुग्णाच्या बाजूनेही तेवढंच मोकळेपण असलं, तर गाठ वेळेत सापडण्याची आणि उपचार सोपे होण्याची शक्यता कितीतरी वाढते.